डेडिकेटेड वेब सर्व्हरसाठी प्रोसेसर आणि डिस्क कशा निवडाव्यात

डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे पूर्ण मशीन फक्त आपल्यासाठी भाड्याने, घ्यायला बसलं की समोर एक लांबलचक यादी येते. एका ओळीत ३२ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), दुसरीत ८. एकीकडे ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, दुसरीकडे ४८० जीबीच्या दोन एसएसडी. मोठे आकडे ठळक छापलेले असतात आणि नजर तिकडेच जाते. साइट झटकन उघडणार की रखडणार, हे मात्र बहुतेक वेळा बारीक अक्षरांतल्या आकड्यांवर ठरतं. एकटा कोअर सलग किती वेगाने चालतो, छोटीशी नोंद पक्की लिहायला डिस्कला किती वेळ लागतो, आणि त्या डिस्कवर आयुष्यभरात एकूण किती लिहिता येतं, हे ते आकडे. ते कसे वाचायचे, कुठे शोधायचे आणि कुठल्या क्रमाने निर्णय घ्यायचा, ते पुढे सांगतो.

आधी सध्याचा भार मोजा

नवा सर्व्हर निवडायची सुरुवात जुन्या सर्व्हरवर होते. साइट आज कुठेही असो, सर्वाधिक गर्दीच्या वेळी ती नेमकी कशासाठी थांबते हे कळल्याशिवाय यादीतल्या कुठल्याही ओळीला अर्थ नाही. ही पायरी सर्रास गाळली जाते. मग महागडा प्रोसेसर घेऊन झाल्यावर लक्षात येतं की अडचण डिस्कची होती.

लिनक्सवर गर्दीच्या वेळी 'टॉप' ही आज्ञा चालवा आणि वरच्या चार-पाच ओळी नीट वाचा. लोड ॲव्हरेज (सरासरी किती प्रोसेस रांगेत किंवा कामात आहेत) बघून अनेक जण घाबरतात, पण लिनक्समधला हा आकडा केवळ प्रोसेसरची रांग मोजत नाही. डिस्ककडून उत्तर येण्याची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही तो त्यात धरतो. आठ कोअरच्या सर्व्हरवर लोड २५ आणि त्याच क्षणी प्रोसेसर ७० टक्के मोकळा, असं दिसलं तर प्रोसेसर बदलून काहीही साधणार नाही. काम डिस्कपाशी तुंबलं आहे. 'डब्ल्यूए', म्हणजे डिस्कची वाट बघण्यात प्रोसेसरचा किती टक्के वेळ गेला, हा आकडा वर चढलेला दिसेल, तोच याचा पुरावा. उलट 'डब्ल्यूए' शून्याच्या आसपास आणि 'यूएस' (प्रोग्राम चालवण्यात गेलेला वेळ) ९० च्या वर असेल, तर प्रोसेसर खरोखर कमी पडतो आहे. व्हीपीएसवर, म्हणजे एकाच मशीनच्या अनेकांत वाटलेल्या हिश्श्यावर, असाल तर 'एसटी' हा आकडाही बघा. तो सतत वर असेल तर तुमच्या वाट्याचा प्रोसेसर शेजारचे वापरत आहेत, आणि डेडिकेटेड सर्व्हरवर गेल्याने तेवढा फायदा आपोआप होईल.

डिस्कसाठी 'आयोस्टॅट' ही आज्ञा सविस्तर पर्यायासह चालवा. त्यातला 'अवेट' म्हणजे एका वाचना-लेखनाला सरासरी किती मिलिसेकंद लागले, हा सर्वांत कामाचा आकडा. 'युटिल', म्हणजे डिस्क किती टक्के वेळ कामात होती, मात्र एसएसडीच्या बाबतीत फसवतो. एसएसडी एकाच वेळी अनेक कामं हाताळते, त्यामुळे १०० टक्के दिसलं तरी तिची क्षमता संपलेली असेलच असं नाही.

याच वेळी डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग (वेळ खाणाऱ्या क्वेरींची नोंद) सुरू करा आणि दोन दिवस चालू ठेवा. इंडेक्स (शोध सोपा करणारी सूची) नसलेल्या टेबलवर लाखो ओळी चाळणारी क्वेरी कुठल्याही हार्डवेअरवर महागच पडते. इंडेक्स लावून अर्धा भार उतरला, तर खरेदीचा अंदाजच बदलतो. म्हणून हे आधी.

गरजेचं गणित

हाताशी दोन आकडे हवेत. गर्दीच्या वेळी सेकंदाला किती डायनॅमिक रिक्वेस्ट (ज्यांसाठी पान त्या क्षणी तयार करावं लागतं अशा मागण्या) येतात, आणि प्रत्येकीसाठी प्रोसेसरचा किती वेळ खर्च होतो. चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्ट अशा स्टॅटिक फाइली यात धरू नका; इंजिनएक्ससारखा वेब सर्व्हर त्या इतक्या हलक्या हाताने देतो की हिशोबात त्यांचा पत्ताही लागत नाही. पीएचपी कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या ॲक्सेस लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्टचा एकूण कालावधी आणि तिने वापरलेला प्रोसेसर, दोन्ही नोंदवता येतात.

समजा, सेकंदाला ४० डायनॅमिक रिक्वेस्ट आहेत आणि पीएचपी व डेटाबेस मिळून प्रत्येकीला प्रोसेसरचे १५० मिलिसेकंद लागतात. ४० गुणिले ०.१५ म्हणजे ६. दर सेकंदाला सहा कोअर पूर्णवेळ गुंततील एवढं काम येतं आहे. म्हणून सहा कोअर घेतले तर साइट गर्दीत कोलमडेल, कारण रिक्वेस्ट एकसारख्या अंतराने येत नाहीत, झुंडीने येतात. प्रोसेसर पूर्ण भरत आला की रांग सावकाश वाढत नाही, एकदम फुगते. गर्दीच्या वेळीही वापर ६० टक्क्यांच्या आसपास राहावा असं धरलं, तर इथे १० कोअर हवेत. वर मेल, स्पॅम फिल्टर, व्हायरस स्कॅन आणि क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) याच सर्व्हरवर चालणार असतील तर आणखी दोन. आणि हे १५० मिलिसेकंद सध्याच्या प्रोसेसरवरचे आहेत. नवा कोअर दीडपट वेगवान असेल तर तेच काम १०० मिलिसेकंदांत उरकेल आणि कोअरही कमी लागतील.

पान कॅश करता येत असेल, म्हणजे एकदा तयार करून पुन्हा पुन्हा देता येत असेल, तर ते आधी करा. ४० पैकी ३० रिक्वेस्ट तयार पानावर भागल्या, तर वरचं सगळं गणित चौथाईवर येतं. कुठलाही प्रोसेसर एवढी मजल एका उडीत गाठून देत नाही.

प्रोसेसर: आधी कोअरचा वेग, मग कोअरची संख्या

पीएचपीची एक रिक्वेस्ट एकाच कोअरवर चालते. मायएसक्यूएल या डेटाबेसची नेहमीची क्वेरीही बहुतांशी एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) चालते. याचा अर्थ असा, की एखादं पान तयार व्हायला ४०० मिलिसेकंद लागत असतील, तर त्याच वेगाचे ८ कोअर असोत की ६४, त्या माणसाला ४०० मिलिसेकंदच थांबावं लागेल. कोअर वाढवल्याने एकाच वेळी जास्त माणसं सामावतात. एका माणसाचा वेळ वाचत नाही. तो वाचवायचा असेल तर एकट्या कोअरचा वेग हवा.

हा वेग कसा ओळखायचा? गिगाहर्ट्झवरून नक्कीच नाही, निदान वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना करताना तरी नाही. नवा कोअर त्याच गिगाहर्ट्झमध्ये जास्त काम उरकतो. त्यात छापलेले आकडेही दोन असतात. बेस वेग म्हणजे ज्याची हमी आहे तो, आणि बूस्ट म्हणजे एखाद-दुसरा कोअर थोडा वेळ गाठू शकेल तो. सगळे कोअर कामाला लागल्यावरचा वेग या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि वेब सर्व्हर गर्दीच्या वेळी नेमका त्याच वेगाने चालतो. तेव्हा पासमार्क किंवा गीकबेंचसारख्या चाचण्यांतला सिंगल थ्रेडचा गुण आधी बघा, मल्टी थ्रेडचा नंतर.

झिऑन ई५-२६८० व्ही४ हा २०१६ चा १४ कोअरचा प्रोसेसर, बेस २.४ आणि बूस्ट ३.३ गिगाहर्ट्झ. भाड्याच्या सर्व्हरमध्ये तो अजून दोन-दोनच्या जोडीने दिसतो, आणि '२८ कोअर, ५६ थ्रेड' हा आकडा मोह पाडतो. त्याच्या शेजारी २०२१ चा झिऑन ई-२३८८जी, ८ कोअर, बेस ३.२ आणि बूस्ट ५.१ गिगाहर्ट्झ. एक मोठं ऑनलाइन दुकान चालवायचं असेल तर मी दुसरा घेईन, कारण तिथे प्रत्येक पानाचा वेळ महत्त्वाचा. शंभर-दीडशे छोट्या साइट एका सर्व्हरवर ठेवायच्या असतील, आणि कुणालाच फार घाई नसेल, तर पहिला वाईट नाही. दोन सॉकेटच्या (दोन प्रोसेसर बसवलेल्या) सर्व्हरमध्ये मात्र प्रत्येक प्रोसेसरची रॅम वेगळी असते. पलीकडच्या रॅममधला डेटा आणायला जास्त वेळ लागतो, आणि मोठा डेटाबेस दोन्हीकडे पसरला की हा खर्च सतत पडत राहतो. एका सॉकेटमध्ये भागत असेल तर दोनच्या वाटेला जाऊ नका.

एकाच पिढीतही हा फरक राहतो. रायझन ९ ७९५०एक्स आणि इपिक ९६५४ दोन्ही २०२२ चे, दोन्हींत झेन ४ कोअर. पहिल्यात १६ कोअर, बेस ४.५ आणि बूस्ट ५.७ गिगाहर्ट्झ. दुसऱ्यात ९६ कोअर, बेस २.४ आणि बूस्ट ३.७. एकट्या रिक्वेस्टला पहिल्यावर लवकर उत्तर मिळेल. दुसऱ्याची ताकद वेगळी आहे: १२ मेमरी चॅनल (रॅमकडे जाणाऱ्या वाटा), १२८ पीसीआयई लेन (डिस्क आणि कार्डांकडे जाणाऱ्या वाटा), ३८४ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी). त्यावर डझनावारी व्हर्च्युअल मशीन आणि भरपूर एनव्हीएमई डिस्क (थेट पीसीआयईवर जोडलेल्या जलद एसएसडी) जोडता येतात. एखाद-दुसऱ्या साइटसाठी एवढं मशीन घेणं म्हणजे न वापरलेल्या कोअरचं भाडं भरत राहणं.

कोअरबरोबर थ्रेडचा आकडा दुप्पट छापलेला असतो. तो दुप्पट क्षमता समजू नका. दोन थ्रेड एकाच कोअरची यंत्रणा वाटून घेतात. कामानुसार थोडी भर पडते, दुपटीच्या जवळपासही जात नाही. वरचं १० कोअरचं गणित खऱ्या कोअरचं आहे.

ईसीसी रॅमबद्दल, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखून सुधारणाऱ्या रॅमबद्दल, मी ठाम आहे. सर्व्हर महिनोन्महिने बंद न होता चालतो, आणि रॅममधला एक बिट उलटला तर चुकीचा डेटा गुपचूप डिस्कवर लिहिला जाऊ शकतो. नंतर बॅकअपमध्येही तोच जातो. ईसीसी असा एका बिटाचा दोष जागीच दुरुस्त करते आणि लॉगमध्ये नोंद करते. झिऑन आणि इपिकमध्ये ती सोय असतेच. रायझनवर ती मदरबोर्डवर अवलंबून असते, म्हणून ईसीसी रॅम लावलेली आहे आणि चालूही आहे, हे विचारून घ्या. डीडीआर५ रॅमच्या जाहिरातीत 'ऑन-डाय ईसीसी' असं लिहिलेलं असतं, पण ती वेगळी गोष्ट आहे. ती चिपच्या आतल्या चुका सांभाळते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचं संरक्षण नाही.

जुना प्रोसेसर घेताना आणखी एक बाब. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरांमधले सुरक्षेचे दोष उघड झाले. त्याआधीच्या प्रोसेसरांवर ते सॉफ्टवेअरमधून झाकावे लागतात, आणि त्याची किंमत प्रत्येक सिस्टिम कॉलमागे (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागणीमागे) मोजावी लागते. वेब सर्व्हर आणि डेटाबेस सिस्टिम कॉल भरपूर करतात. त्यामुळे २०१८ पूर्वी घेतलेल्या चाचण्यांचे आकडे आज तसेच मिळतील असं धरू नका. एचटीटीपीएसच्या भाराची काळजी मात्र सोडून द्या. एईएस एन्क्रिप्शनच्या खास सूचना २०१० पासून सर्व्हर प्रोसेसरांत आहेत.

विंडोज सर्व्हर किंवा एसक्यूएल सर्व्हर चालवणार असाल तर लायसन्स कोअरवर मोजलं जातं हे विसरू नका. विंडोज सर्व्हरला किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं, आणि पुढे कोअर वाढतील तसा खर्च वाढतो. अशा ठिकाणी थोडे पण वेगवान कोअर दुहेरी फायद्याचे.

डिस्क: जागा नव्हे, थांबण्याचा वेळ

फिरत्या हार्ड डिस्कचा हिशोब एकदा स्वतः करून बघावा, म्हणजे पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, ४.२ मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण ८ मिलिसेकंद. एका विखुरलेल्या वाचनाला १२ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० वाचनं. आता एखादं पान तयार करताना डेटाबेसला रॅममध्ये नसलेले ३० तुकडे डिस्कवरून आणावे लागले, तर पावणेचारशे मिलिसेकंद नुसतं डोकं आणि तबकडी जागेवर येण्यात गेले. आणि हे एका माणसाचं. दहा माणसं एकदम आली की दहावा तीन-साडेतीन सेकंद ताटकळतो. मिनिटाला १५,००० फेऱ्यांची डिस्कही सेकंदाला दोनशेच्या आतच अडकते. ती आज कुणी देऊ केली तर नको म्हणा.

एसएसडीमध्ये हलणारा भागच नाही. तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. म्हणून डेटाबेस आणि साइटच्या फाइली एसएसडीवर, यात आता विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही. प्रश्न एवढाच की कुठली.

साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, चार लेनची पीसीआयई ४ एनव्हीएमई ७ जीबीच्या आसपास. हा बारापटीहून मोठा फरक जाहिरातीत ठसठशीत असतो, पण वेब सर्व्हर अशा सलग वाचनात वेळ घालवतच नाही. मायएसक्यूएलचा डेटा साठवणाऱ्या इनोडीबीचं एक पान १६ केबीचं असतं. काम अशाच चिमुकल्या तुकड्यांचं असतं. खरा फरक रांगेत आहे. साटाच्या एएचसीआय या आज्ञा देण्याच्या पद्धतीत एकच रांग आणि तीत ३२ आज्ञा. एनव्हीएमईमध्ये हजारो रांगा, आणि प्रत्येक कोअरला स्वतःची रांग मिळू शकते. छोट्या, कमी वर्दळीच्या साइटला साटा एसएसडी पुरेशी आहे, हे मी मोकळेपणाने सांगेन. एकाच वेळी अनेक क्वेरी डिस्कपर्यंत पोहोचत असतील तिथे एनव्हीएमई घ्या.

पक्क्या लेखनाची परीक्षा

वाचनाचा बराचसा भार रॅम उचलते. डेटाबेसचा नेहमी लागणारा भाग इनोडीबीने रॅममध्ये राखलेल्या जागेत, म्हणजे बफर पूलमध्ये, मावला, तर डिस्कला फारसं विचारावंच लागत नाही. लेखनाचं तसं नाही. कुणी ऑर्डर दिली की डेटाबेस ती आधी लॉगमध्ये लिहितो, मग ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, 'हे खरोखर डिस्कवर पोहोचलं की सांग', आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. या थांबण्याला एफसिंक म्हणतात. 'ऑर्डर नोंदवली' हा संदेश ग्राहकाला त्यानंतरच जातो.

घरगुती वापराच्या एसएसडीला एफसिंक आला की डेटा प्रत्यक्ष फ्लॅशवर (कायम साठवणाऱ्या चिपांवर) उतरवावाच लागतो, आणि त्यात बऱ्याचदा मिलिसेकंद, कधी अनेक मिलिसेकंद जातात. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीवर छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. वीज गेली तरी हातातलं लेखन पूर्ण करण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात साठलेली असते. त्यामुळे डेटा डिस्कच्या आतल्या रॅममध्ये आला की ती निर्धास्तपणे 'झालं' म्हणू शकते. स्पेसिफिकेशनमध्ये हे 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' या नावाने लिहिलेलं असतं. ऑर्डर, बुकिंग, फोरम, मेल असं सतत लिहिणारं काम असेल तर हा एक शब्द यादीतल्या इतर सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचा आहे. जलद पण असं संरक्षण नसलेली एनव्हीएमई आणि संरक्षण असलेली साधी साटा एसएसडी यांत डेटाबेससाठी दुसरी अनेकदा पुढे जाते.

काही जण मायएसक्यूएलमध्ये 'इनोडीबी फ्लश लॉग ॲट टीआरएक्स कमिट' हे सेटिंग १ वरून २ करून वेग मिळवतात. मिळतो, यात शंका नाही. पण वीज गेली किंवा सिस्टिम कोसळली तर साधारण शेवटच्या सेकंदातले व्यवहार जाऊ शकतात. ब्लॉगला चालेल. पैसे घेणाऱ्या साइटवर ते १ च ठेवा आणि योग्य डिस्क घ्या.

घरगुती एसएसडीचा दुसरा दोष जरा उशिरा दिसतो. टीएलसी फ्लॅशच्या एका पेशीत तीन बिट, क्यूएलसीत चार. बिट जितके जास्त तितकं लेखन मंद. ते झाकायला डिस्कचा काही भाग एक बिटाच्या पद्धतीने कॅशसारखा वापरतात. थोडं लिहिलं तर वेग उत्तम. बॅकअप परत भरायला किंवा मोठं टेबल आयात करायला घेतलं की कॅश भरते आणि वेग कोसळतो. क्यूएलसीत तो फार खाली येतो. लेखनाच्या कामासाठी क्यूएलसी नको, फक्त वाचायच्या संग्रहासाठी चालेल.

एसएसडी किती काळ टिकेल याचाही हिशोब करता येतो. दिवसाला किती वेळा पूर्ण डिस्क लिहिता येईल, या मापाला डीडब्ल्यूपीडी म्हणतात. ९६० जीबीच्या डिस्कला पाच वर्षांसाठी १ डीडब्ल्यूपीडी असेल तर एकूण १,७५२ टीबी लेखन. १ टीबीच्या घरगुती डिस्कच्या माहितीत एकूण लेखनाची मर्यादा ६०० टीबी दिलेली असेल तर पाच वर्षांत ते दिवसाला एक तृतीयांश डिस्क इतकं पडतं. तुमची गरज किती? एनव्हीएमईच्या स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) 'डेटा युनिट्स रिटन' हा आकडा असतो, एक युनिट ५,१२,००० बाइटचं. आज नोंदवा, आठवड्याने पुन्हा बघा. फरक १४ लाख युनिटचा आला तर आठवड्यात ७१७ जीबी, म्हणजे दिवसाला १०२ जीबी. या गतीने ६०० टीबी संपायला १६ वर्षं लागतील. साध्या होस्टिंगमध्ये टिकाऊपणाची चिंता सहसा अनाठायी असते, आणि १ डीडब्ल्यूपीडी भरपूर होतं. ३ डीडब्ल्यूपीडीचा जास्तीचा खर्च अखंड लिहिणाऱ्या डेटाबेससाठी राखून ठेवा.

फिरत्या डिस्क अजून कुठे चालतात

बॅकअप, जुने लॉग, व्हिडिओ, मोठ्या डाउनलोड फाइली यांना त्या आजही योग्य आहेत. दोन गोष्टी तपासा. पहिली, डिस्क एसएमआर पद्धतीची नको. या पद्धतीत ट्रॅक कौलांसारखे एकावर एक सरकवलेले असतात. मधली एक नोंद बदलायची तर पुढचा पट्टाच पुन्हा लिहावा लागतो. एनएएससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेट्यांसाठी) विकल्या जाणाऱ्या आपल्या काही डिस्कमध्ये ही पद्धत असल्याचं वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये मान्य केलं, तोवर खरेदीदारांना ते सांगितलेलं नव्हतं. म्हणून मॉडेल क्रमांक घेऊन सीएमआर (ट्रॅक वेगवेगळे ठेवणारी पद्धत) असल्याची खात्री करा. दुसरी, खराब सेक्टरवर डिस्क किती वेळ झगडते ते बघा. सर्व्हरची डिस्क साधारण सात सेकंदांत हात टेकते आणि रेडला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या मांडणीला) दुसरीकडून वाचू देते. डेस्कटॉपची डिस्क बराच वेळ प्रयत्न करत राहते, आणि तेवढ्यात कंट्रोलर तिला मेली समजून बाहेर काढतो.

एक डिस्क कधीच नाही

किमान दोन डिस्क आणि रेड-१, म्हणजे एकीवरचं जसंच्या तसं दुसरीवर. चार असतील तर रेड-१०, म्हणजे अशा दोन जोड्यांत डेटा वाटलेला. रेड-५ मध्ये पूर्ण प्रतीऐवजी पॅरिटी, म्हणजे हरवलेला डेटा पुन्हा काढता येईल असा हिशोब, ठेवतात; जागा जास्त मिळते, पण प्रत्येक छोट्या लेखनामागे डिस्कवर चार कामं होतात: जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही. डेटाबेसला ते झेपत नाही. शिवाय मोठ्या फिरत्या डिस्कवर एक गेली की उरलेल्या सगळ्या पूर्ण वाचून नवी भरावी लागते, आणि त्या काळात दुसरी अडखळली की सगळं गेलं. मोठ्या फिरत्या डिस्कचा बॅकअप संच करायचाच असेल तर रेड-६ करा, त्यात दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो.

एनव्हीएमईसाठी लिनक्सचं एमडीएडीएम (सॉफ्टवेअरमधून रेड करणारं साधन) पुरेसं आणि विश्वासाचं आहे. हार्डवेअर कंट्रोलर घेतलात तर त्याच्या कॅशला बॅटरी किंवा कपॅसिटर आहे ना ते बघा. नसेल तर राइट-बॅक, म्हणजे डेटा कॅशमध्ये आला की 'झालं' म्हणण्याची पद्धत, सुरू करू नका.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे सगळे म्हणतात. त्याचं एक ठोस उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही एसएएस एसएसडींबद्दल इशारा दिला: फर्मवेअरमधल्या दोषामुळे ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तासांनी त्या बंद पडतात आणि डेटा परत मिळत नाही. एकाच दिवशी एकाच सर्व्हरमध्ये लावलेल्या दोन्ही डिस्क जवळपास एकाच वेळी जाणार. म्हणून जोडीतल्या डिस्क वेगळ्या बॅचच्या किंवा वेगळ्या कंपनीच्या मागा, फर्मवेअर ताजं ठेवा, आणि बॅकअप दुसऱ्या जागी, दुसऱ्या मशीनवर ठेवा. चुकून पुसलेलं टेबल तर रेड दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसतो.

मला सर्वांत सोयीची वाटणारी मांडणी अशी: दोन सर्व्हर दर्जाच्या एनव्हीएमई रेड-१ मध्ये, त्यांवर सिस्टिम, साइट आणि डेटाबेस, आणि वेगळ्या दोन मोठ्या हार्ड डिस्क, जिथे रात्रीचा बॅकअप आधी तयार होतो आणि मग बाहेर जातो. बॅकअपचं दाबणं-बांधणं डेटाबेसच्याच डिस्कवर केलं, तर रात्री येणाऱ्या ग्राहकाला साइट अडखळलेली मिळते.

जागा ठरवताना २० ते ३० टक्के मोकळी धरा. एसएसडी गच्च भरली की आतली आवराआवर अवघड होते आणि लेखन मंदावतं. छोट्या फाइलींचा सुळसुळाट असेल, विशेषतः मेलचा, तर आयनोडही मोजा; प्रत्येक फाइलीला अशी एक नोंद लागते. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये साधारणपणे दर १६ केबीमागे एक आयनोड असतो. तो आकडा फॉरमॅट करतानाच ठरतो आणि नंतर वाढवता येत नाही.

पुरवठादाराला काय विचाराल

'१ टीबी एनव्हीएमई' एवढ्यावर थांबू नका. डिस्कचं पूर्ण मॉडेल नाव मागा, मग निर्मात्याच्या डेटाशीटवर पॉवर लॉस प्रोटेक्शन आणि टिकाऊपणा स्वतः बघा. डिस्क नवी आहे की वापरलेली, आणि वापरलेली असेल तर किती तास चाललेली? बिघडली तर किती तासांत बदलून मिळेल, आणि सर्व्हर बंद न करता काढता येते का? डिस्कच्या किती जागा रिकाम्या आहेत? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. पुढे डिस्क आणि रॅम वाढवता येते, प्रोसेसर सहसा बदलून मिळत नाही. बदलायचा म्हणजे नव्या सर्व्हरवर स्थलांतर. म्हणून प्रोसेसर पुढच्या दोन-तीन वर्षांचा विचार करून घ्या आणि डिस्क आजच्या गरजेला थोडी भर घालून.

ताब्यात आल्यावर, साइट चढवण्याआधी

स्मार्ट माहिती दाखवणारं स्मार्टसीटीएल चालवून प्रत्येक डिस्कचे तास, आधीचं एकूण लेखन, एनव्हीएमईवर 'पर्सेंटेज यूज्ड' आणि हार्ड डिस्कवर ५, १९७, १९८ या क्रमांकांचे आकडे (खराब किंवा संशयास्पद सेक्टर) बघा. हार्ड डिस्कवरचे हे शेवटचे तिन्ही शून्य हवेत. नसतील तर डिस्क बदलून मागा. आज रिकामी आहे तोवर ते सोपं आहे.

मग प्रोसेसरवर सगळ्या कोअरचा ताण अर्धा तास द्या आणि वेग व तापमान बघत राहा. सुरुवातीला असलेला वेग दहा मिनिटांनी घसरला तर हवा खेळत नाही आहे. वेग मुळातच बेसपाशी अडकलेला दिसला तर सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारं लिनक्सचं सेटिंग) आणि बायोसमधलं वीजबचतीचं सेटिंग तपासा. अनेक सर्व्हर बचतीच्या मोडमध्येच हाती येतात.

डिस्कसाठी फियो हे चाचणीचं साधन वापरा. ४ केबीचं विखुरलेलं लेखन, रांग १, प्रत्येक लेखनानंतर एफसिंक. संरक्षण असलेली चांगली एसएसडी इथे सेकंदाला हजारोंनी लेखनं करते. आकडा शेकड्यांत आला तर डिस्क घरगुती जातीची आहे, यादीत काहीही लिहिलेलं असो. कॅश संपल्यावरचा वेग कळावा म्हणून एक चाचणी पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा.

आणि रेड खरोखर कामाचा आहे का ते बघा. एमडीएडीएमने डेटाची जोडी झालेली असते, पण सर्व्हर सुरू करणारा बूटलोडर किंवा ईएफआय विभाग पुष्कळदा पहिल्याच डिस्कवर असतो. ती डिस्क गेली की डेटा शाबूत असूनही सर्व्हर उठत नाही. तो दोन्ही डिस्कवर बसवा. मग पहिली डिस्क काढून किंवा बंद करवून घेऊन सर्व्हर रीबूट करा, दुसरीवरून उठतो का पाहा, पहिली परत जोडा आणि पूर्ण सिंक व्हायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. सिंक चालू असतानाच फियो पुन्हा एकदा चालवा. डिस्क बिघडलेल्या दिवशी साइटला मिळणारा वेग तोच असेल, आणि तो पुरेसा नसेल तर सिंकची कमाल गती किती ठेवायची, हे साइट चढवण्याआधीच ठरवून टाका.